फलकावरचे वळ

जून १९७६ मध्ये लॉस एंजेलिस शहरातील सनसेट बुलेव्हार्ड या गजबजलेल्या हमरस्त्यावर एक जाहिरात-फलक उभा राहिला. चौदा फूट उंच आणि अठ्ठेचाळीस फूट लांब. त्यावर दोरखंडाने जखडलेली, फाटक्या कपड्यांतली, अंगावर वळ उमटलेली एक स्त्री. रोलिंग स्टोन्स या गायकवृंदाने आपल्याला काळीनिळी केली आहे आणि ते आपल्याला फार आवडते, असे उद्गार तिच्या तोंडी घातलेले. ‘ब्लॅक अँड ब्लू’ हे त्या वृंदाच्या नव्या ध्वनिमुद्रिकेचे नाव; तेवढ्या एका श्लेषासाठी हा सारा खटाटोप. काही स्त्रियांनी लाल रंगाचे डबे घेऊन तो फलक गाठला आणि हा स्त्रियांविरुद्धचा गुन्हा आहे, असे त्यावर लिहून टाकले. ‘विमेन अगेन्स्ट व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन’ या नव्या संघटनेने आवाज उठवला आणि थोड्याच दिवसांत कंपनीने फलक उतरवला.

याला जवळजवळ अर्धशतक लोटले. वाद मात्र जिथल्या तिथे आहे. मारहाण, अपहरण, बलात्कार यांची सूचना देणारी चित्रे रस्त्यावर झळकतात, ज्या स्त्रियांनी हे सारे देहावर भोगले आहे त्या कळवळून उठतात, आणि जाहिरातदार दर वेळी एकच ढाल पुढे करतात: कलेने माणसाला अस्वस्थ करू नये, तर काय करावे? बोचणारी कला नको म्हणणे म्हणजे सेन्सॉरशाहीला आवतण देणे होय! पुरोगामी माणूस या युक्तिवादापुढे चटकन गप्प बसतो. आणीबाणीतली गळचेपी ज्यांनी सोसली, त्यांच्या मनात ‘बंदी’ हा शब्द उच्चारतानाच अपराधी भाव येतो. अविष्कारस्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले कोण, आणि त्या पुण्याईवर अत्तरे विकतो आहे कोण!

युक्तिवाद फसवा आहे. तो कोठे फसवा आहे हे पाहण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले. टाकून दिलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, त्यांना पट्ट्याने फोडून काढणारा सखाराम मराठी प्रेक्षकाला पचला नाही. परिनिरीक्षण मंडळाने नाटक अडवले, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ते जिंकले हे योग्यच झाले. त्या नाटकात स्त्रीवरचा अत्याचार सनसेट बुलेव्हार्डवरील फलकापेक्षा कितीतरी अधिक भीषण आहे. परंतु तो पाहण्यासाठी प्रेक्षक तिकीट काढतो, नाटकाचे नाव वाचून आत शिरतो आणि असह्य झाले तर उठून बाहेर येतो. लक्ष्मीच्या पाठीवरचे वळ दाखवून तेंडुलकर कोणाला साबण किंवा ध्वनिमुद्रिका विकत नव्हते. ते वळ कोणी आणि का उमटवले, हाच त्या नाटकाचा विषय आहे.

फलकाचे तसे नाही. फलकाला दार नसते. बसथांब्यावर अर्धा तास ताटकळणारी कामगार स्त्री समोरच्या भिंतीवर काय असावे हे ठरवत नाही. तिची नजर तिला न विचारताच विकली गेलेली असते. दर चौरस फुटाने भाडे आकारले जाते ते लोखंडाच्या सांगाड्याचे नव्हे, त्याच्याखालून जाणाऱ्या माणसांचे. मोटारीच्या काचा वर करून वातानुकूलित कचेरीत जाणाऱ्याला फलक क्षणभर दिसतो. पायी चालणाऱ्याला आणि रांगेत उभ्या असणाऱ्याला तो रोज पुरतो. आणि त्या रांगेत कोण असते? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा एकेकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याच्या हातून हिंसा सोसली आहे. म्हणजे दहांतल्या जवळजवळ तिघी. अशा स्त्रीच्या दृष्टीने भिंतीवरचे ते चित्र ‘धाडसी कल्पना’ नसते, काल रात्रीची गोष्ट असते.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलक्याने घेऊन चालणार नाही. आज पीडित स्त्रीच्या यातनेसाठी फलक उतरवला, तर उद्या कोणीही ‘आमच्या भावना दुखावल्या’ म्हणून चित्र, चित्रपट, पुस्तक उतरवायला येईल. महाराष्ट्राने अशा झुंडी पाहिल्या आहेत. १९९८ मध्ये ‘फायर’ हा चित्रपट मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले करून बंद पाडण्यात आला, तोही भावनांच्याच नावाने. परंतु दोन्ही तक्रारींचे अंतरंग तपासावे. भावनावाला म्हणतो, हे कोणीच पाहता कामा नये. पीडिता एवढेच म्हणते, हे मला न विचारता माझ्या वाटेत टांगू नका आणि माझ्या मारहाणीचा माल करू नका. पहिला दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर हक्क सांगतो. दुसरी स्वतःच्या रस्त्यावर हक्क सांगते.

हा फरक शासनाला आणि न्यायसंस्थेला कधीच उमगलेला नाही. १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत दोन विवस्त्र मॉडेल अंगाभोवती अजगर गुंडाळून उभे राहिले. त्यात कोणी कोणाला मारत नव्हते, कोणावर जबरदस्ती नव्हती. तरी मुंबईत अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि चौदा वर्षे चालून २००९ मध्ये निर्दोष सुटकेने संपला. १९८६ च्या स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात ‘अवमानकारक’ हा शब्द आहे खरा. पण व्यवहारात मोजपट्टी लावली जाते ती उघड्या अंगाला. अंग झाकलेले असले की त्यावर वळ असले तरी चालतात.

जून २०२२ मधील सुगंधी फवाऱ्याची जाहिरात आठवावी. दुकानात चार तरुण, समोर एकटी स्त्री. आपण चौघे आणि ही एकच, तर ‘शॉट’ कोण घेणार, असा त्यांचा संवाद. ती दचकून वळते. मग कळते की चर्चा बाटलीची चालली होती. विनोद तो इतकाच! सामूहिक बलात्काराच्या भीतीने जिच्या पोटात गोळा येतो तिचा दचका हाच त्या विनोदाचा कच्चा माल. क्रिकेटच्या सामन्यांदरम्यान ही जाहिरात घराघरांत पोचली. लोकांचा संताप उसळला तेव्हा जाहिरात मानक परिषदेने ती स्थगित केली, केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने समाजमाध्यमांवरून काढायला लावली आणि कंपनीने माफी मागितली. परंतु त्याच निवेदनात कंपनीने आवश्यक त्या सर्व मंजुऱ्या घेतल्याचेही सांगितले होते. मंजुरी देणाऱ्या टेबलांपैकी एकाही टेबलावर कोणाला काही खटकले नाही, ही त्या प्रकरणातील सर्वांत उद्वेगजनक बाब होय.

याहून अवघड प्रश्न सद्हेतूने केलेल्या जाहिरातींचा आहे. २०१३ मध्ये मुंबईतील एका जाहिरातसंस्थेने एका स्वयंसेवी उपक्रमासाठी लक्ष्मी, सरस्वती आणि दुर्गा यांची जुन्या कॅलेंडरांच्या धर्तीवर चित्रे केली. देवींच्या गालांवर वळ, डोळे सुजलेले, ओठ फुटलेले. उद्या देवीही सुटणार नाहीत, हा त्यामागचा इशारा. मालिका जगभर गाजली. हेतूबद्दल शंका नाही, कारागिरीही उत्तम होती. परंतु मार खाणारी स्त्री देवी असल्याखेरीज समाजाला तिचा कळवळा येऊ नये, हे मान्य करूनच ती कल्पना उभी राहते. ऊसतोडणीच्या फडावरील बाईला कोणी देवी म्हणत नाही.

शिवाय वळ हीच अत्याचाराची खूण, असे एकदा डोळ्यांवर बिंबवले की जिच्या अंगावर वळ नाहीत तिचे काय? चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन पोलिसांना सोडून दिले, त्यात तिच्या अंगावर जखमा नव्हत्या हे एक प्रमुख कारण होते. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया देशभर रस्त्यावर आल्या, तेव्हा कोठे १९८३ मध्ये कायदा बदलला. सुजलेल्या डोळ्याचे भित्तिचित्र, सद्हेतूचे असले तरी, त्या जुन्याच निकालाची सवय नजरेला लावते. याच सुमारास, १९८३ मध्ये, स्त्री मुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ वस्त्यावस्त्यांतून फिरू लागले. तेही प्रक्षोभकच होते. पण ते बायांच्या समोर बसून, त्यांच्याशी बोलून सादर होत होते.

मग करावे काय? सरकारच्या हाती नवी कात्री देणे हा मार्ग नव्हे. ती कात्री आधी कोणावर चालेल हे सांगायला ज्योतिषी नको. जाहिरातीलाही अविष्कारस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या टाटा प्रेस खटल्यात म्हटले आहे. पण बोलण्याचा हक्क म्हणजे सार्वजनिक भिंतीचा हक्क नव्हे. एस.टी.ची गाडी, बेस्टचा थांबा, पालिकेचा दिव्याचा खांब ही लोकांची मालमत्ता आहे, आणि मालकाला भाडेकरारात अट घालता येते: हिंसा हा विनोद किंवा आमिष म्हणून वापरणारे चित्र येथे लागणार नाही. अट आधीच छापलेली, सर्वांना सारखी, आणि तिच्यावरील तक्रार ऐकणाऱ्या समितीत अत्याचारग्रस्त स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या संघटना. पालिकांचे आकाशचिन्ह विभाग आजवर फलकाची लांबी-रुंदीच पाहत आले, आणि तेही धड नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचा फलक कोसळून सतरा माणसे दगावली, तेव्हा ते साऱ्या राज्याला कळले.

खासगी भिंतींसाठी अमेरिकेतील त्या स्त्रियांचा कित्ता आहे. फलक उतरला म्हणून त्या घरी गेल्या नाहीत. सरकारकडे बंदीही मागितली नाही. ध्वनिमुद्रिकांच्या मुखपृष्ठांवरून आणि जाहिरातींमधून अत्याचाराची चित्रे हटावीत म्हणून त्यांनी वॉर्नर समूहातील तिन्ही कंपन्यांच्या मालावर बहिष्कार पुकारला. दुकानांसमोर उभे राहून, सभांतून चित्रे दाखवून, पत्रांचा मारा करून तो चालवला. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्या बलाढ्य समूहाने असे चित्रण वापरणार नाही, असे जाहीर केले. फलक थोड्या दिवसांत उतरला होता. या घोषणेसाठी तीन वर्षे लागली.