हिवतापाने मागे ठेवलेलं

सिकलसेल हे नाव वणी, मारेगाव, झरी-जामणीकडे नवं नाही. २०२३च्या राष्ट्रीय मोहिमेनंतर तपासणीची कार्डंही घरोघरी येऊ लागली. कार्डावरच्या ‘वाहक’ या शब्दाने मात्र ठरलेली सोयरीक मोडू शकते, म्हणून हा अंक.

जनुकातलं एक अक्षर बदलतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. इतका त्रासदायक बदल टिकला कसा? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत उत्तर शोधलं: हा बदललेला जनुक एकाच पालकाकडून आला, म्हणजे माणूस वाहक असला, तर जीवघेण्या हिवतापापासून बचाव होतो. दोघांकडून आला, तर आजार. आमच्या जंगलपट्ट्यात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता. तेव्हा हा दोष कुणा एका जातीच्या माथी मारणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

अंकात आम्ही प्राथमिक चाचणीपासून सुरुवात केली आहे. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा. ते गढूळ होऊन नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची, इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी. वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिथेच कळतो. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के.

तुमच्या घरी कार्ड आलं तेव्हा काय बोलणं झालं? नाव न घालता लिहिलंत तरी चालेल.