स्वच्छ विजेत आपला वाटा किती?

लोणावळा परिसरातील तलावांच्या पाण्यावर 1915 साली खोपोलीत वीज तयार होऊ लागली. कोळसा न जाळता मिळालेल्या या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पण त्याच गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. वीज स्वच्छ झाली म्हणून तिचा लाभ समान वाटला जात नाही, हे तेव्हाच दिसले.

2023 साली टाटा पॉवरने शिरवता (1800 मेगावॅट) व भिवपुरी (1000 मेगावॅट) येथील पंप स्टोरेज प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. खर्च सुमारे 13 हजार कोटी. विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडून वीज घ्यायची. कोळसा कमी करायचा तर अशी साठवण लागणारच. आमचा तिला विरोध नाही.

मात्र या फेऱ्यात साधारण पाचवा हिस्सा वीज खर्ची पडते. पाणी कोळशाच्याच विजेने चढवले, तर प्रदूषण उलट वाढेल. म्हणून कोणती वीज वापरली, याचा हिशेब जाहीर झाला पाहिजे.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी स्वस्त, मुबलक विजेकडे गरिबीतून सुटकेचे साधन म्हणून पाहिले. मग मावळातील भूमिहीन बौद्ध, कातकरी, ठाकर तरुणांच्या वाट्याला फक्त कंत्राटी खोदकाम का यावे? तांत्रिक प्रशिक्षण, कायम नोकऱ्या आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांनाही भरपाई, हे सारे लेखी हवे. ग्रामसभेत ठराव मांडा.

जय भीम!