सदाफुलीचा पाला आणि सदाफुलीचे औषध

आमच्या धर्मग्रामात कोणाला कॅन्सर झाल्याचे कळले की दोन दिवसांत त्याच्या दारी सदाफुलीचा पाला येऊन पडतो. आणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. "डॉक्टर याच झाडातून कॅन्सरचे औषध काढतात, मग इंजेक्शनला पैसे कशाला?" असे तो सांगतो. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच दुसरा अर्धा धोक्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सदाफुली मूळची मादागास्करची. जमैका बेटावर तिच्या पाल्याचा चहा मधुमेहावर घेत. तो खरोखर लागू पडतो का, हे पाहण्यासाठी कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांना तिचा अर्क दिला. साखर काही उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्या धाग्यावरून १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हाती आले. पुढे अमेरिकेत त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन निघाले व १९६३ साली त्याला तेथे मान्यता मिळाली. रक्ताचा कॅन्सर झालेले मूल पूर्वी क्वचितच वाचे. आज इतर औषधांच्या जोडीने व्हिन्क्रिस्टिन देतात आणि वेळेवर पुरे उपचार मिळालेली बहुतेक मुले बरी होतात.

आता आपल्या शेतकरी हिशेबाने पाहू. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. मोठ्या माणसालासुद्धा व्हिन्क्रिस्टिन एका वेळी साधारणपणे दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. तेही शिरेतून, रक्त तपासून. पेशीची एकाच्या दोन होण्याची क्रियाच हे औषध रोखते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्यांना मार बसतो. पण केस गळतात, हातापायांना मुंग्या येतात, माप चुकले तर जीवावर बेतते. मूठभर पाल्याच्या काढ्यात यातले किती उतरले, हे कोण सांगणार? त्या पाल्यात शंभराहून अधिक वेगवेगळी द्रव्ये आहेत, ती वेगळीच. कीटकनाशक डब्यावरचे माप पाहून पाण्यात घालणारा आपला शेतकरी इथे मात्र मुठीने मोजतो, याचे नवल वाटते. शेळीसुद्धा या झाडाला सहसा तोंड लावत नाही!

नरक्याचेही तेच. खानापूर-चंदगडकडच्या रानात हे दुर्गंधी झाड पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात कॅम्प्टोथेसिन असते. हे द्रव्य १९६६ साली एका चिनी झाडातून प्रथम वेगळे करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, हे आपल्या नंदुरबारचे. दुसरे मन्रो वॉल. पण झाडातले द्रव्य जसेच्या तसे रोग्यांना देऊन पाहिले तेव्हा मूत्राशयाला इतका त्रास झाला की ते प्रयोग थांबवावे लागले. द्रव्यात फेरफार करून तयार झालेल्या दोन औषधांना मान्यता मिळायला १९९६ साल उजाडले. म्हणजे तीस वर्षे! आणि आपण एका रात्रीत साल उकळून मोकळे होतो. नरक्याची तोड करून रान ओरबाडणारे दलाल निराळेच; त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहू.

"देवाने प्रत्येक रोगावर पाला ठेवला आहे," असे आम्हाला ऐकवले जाते. ठेवला असेलही. तो ओळखण्याची, गाळण्याची, मोजण्याची बुद्धीही त्यानेच दिली आहे ना? आमच्या माहितीतल्या एका बाईंनी छातीतली गाठ चार महिने काढ्यावर काढली. सुरुवातीला गाठ लहान होती. दवाखान्यात गेल्या तेव्हा ती काखेपर्यंत पोचली होती.

हळदीबद्दलही विचारणा होते. भाजीत, दुधात खुशाल घ्यावी. पण तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे जाते, आणि हळदीने माणसाचा कॅन्सर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. उपचार चालू असताना कोणताही काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील या भीतीने गप्प राहणारे बरेच आहेत. काढा आणि औषध एकमेकांत बाधू शकतात.

आणि प्रतिबंधाची गोष्ट काढायचीच, तर निपाणीच्या बाजूला राहून तंबाखूचे नाव टाळता कसे येईल? कित्येक घरांची पोरे या पिकावर शिकली, हे आम्ही जाणतो. उद्या पीक उपटा असे म्हणणार नाही. पण पिकवणे वेगळे आणि गालात धरणे वेगळे. तंबाखू, मशेरी, गुटखा, नुसती सुपारीसुद्धा, यांनी तोंडाचा कॅन्सर होतो, यात आता शंका उरलेली नाही. सदाफुली शोधत फिरण्याआधी घरातली मशेरीची डबी बंद करावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सुगी असली तरी एक दिवस काढून सरकारी दवाखान्यात दाखवून यावे.