डोळस विश्वास आणि आंधळी उपमा

धर्मोपदेशकांच्या भाषेंत कांहीं शब्द असे असतात कीं, ते वापरतांना बोलणाऱ्याला विचार करण्याचे श्रम पडत नाहींत. ‘आंधळा’ हा त्यांपैकीं अग्रगण्य शब्द होय. ज्यानें पाप केलें तो आंधळा, ज्याला आपलें मत पटत नाहीं तो आंधळा, आणि परधर्मीय तर जन्मांधच! हा प्रघात एकट्या ख्रिस्ती व्यासपीठाचा आहे असें नाहीं. आमच्या कीर्तनांतून आणि प्रवचनांतूनही ज्ञानचक्षु उघडण्याची भाषा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु ख्रिस्ती उपदेशांत या उपमेला साक्षात् शुभवर्तमानाचा आधार असल्याचें सांगतात, म्हणून तिची झडती प्रथम तेथेंच घेतली पाहिजे. आमचें म्हणणें असें कीं, हा आधार टिकण्यासारखा नाहीं. देहाच्या दृष्टीचा आणि आत्म्याच्या दृष्टीचा जो घोळ आज घातला जातो तो ख्रिस्तचरित्रांत नाहीं. आणि या घोळाची किंमत व्यासपीठावरील वक्ता देत नसून, ज्याचे डोळे खरोखरच गेले आहेत तो देतो.

योहानाच्या शुभवर्तमानांतील जन्मांधाची कथा घ्या. त्याला पाहून शिष्य विचारतात कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? गुरूचें उत्तर स्पष्ट आहे: याचेंही नाहीं आणि त्यांचेंही नाहीं. अंधत्व आणि पाप यांची सांगड येथें एका वाक्यांत तुटली. पुढें त्या मनुष्याच्या डोळ्यांवर चिखलाचा लेप लागतो, तो शिलोहाच्या तळ्यांत डोळे धुतो आणि त्याला दिसूं लागतें. पण आपल्याला दृष्टि देणारा कोण, हें त्याला तत्काळ उमगत नाहीं. आधीं तो त्याला नुसता एक मनुष्य म्हणतो, मग संदेष्टा म्हणतो, आणि सर्वांच्या शेवटीं त्याच्यापुढें नमतो. येथें देहाचे डोळे आधीं उघडले, अंतरींचे मागाहून.

आतां मार्काच्या शुभवर्तमानांतील यरीहोच्या वाटेवरचा भिकारी बार्तीमय पाहा. त्याच्या बाबतींत क्रम नेमका उलटा आहे. येणारा कोण आहे हें त्यानें न पाहतांच ओळखलें आणि त्याला दाविदाच्या वंशाचा म्हणून हांक मारली. डोळे असलेली गर्दी मात्र त्यालाच गप्प बसवीत होती. अंतर्दृष्टि हीच जर सर्वस्व असती, तर बार्तीमयाला आणखी कांहीं देण्याचें कारणच नव्हतें. त्याच्या विश्वासाची वाखाणणी करून यात्रा पुढें गेली असती! पण तसें झालें नाहीं. तुला काय पाहिजे, असें त्याला विचारण्यांत आलें. त्यानें डोळे मागितले आणि त्याला डोळे मिळाले. या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. समोर उघड उघड आंधळा उभा असतांही त्याची गरज त्याच्याच तोंडून ऐकून घेण्याइतका आदर तेथें होता. त्या आदराचा अंशही आजच्या उपमाप्रिय वक्तृत्वांत आढळत नाहीं.

यावर एक आक्षेप हमखास येईल: ख्रिस्तानें स्वतः ‘आंधळे’ हा शब्द दूषण म्हणून वापरला नाहीं काय? वापरला, पण कोणाला उद्देशून? शुभवर्तमानें उघडून पाहावें. हें दूषण ज्यांच्या वांट्याला आलें ते सारे चांगले डोळस, शास्त्र पढलेले, लोकांना वाट दाखविणारे पंडित होते. खऱ्या आंधळ्याला त्यानें या शब्दानें एकदांही हिणविलेलें नाहीं. ज्यांनीं ही उपमा आज उचलली आहे त्यांनीं तिचें तोंड मात्र फिरविलें आहे. जी व्यासपीठावर बसणाऱ्यांना लागावयाची, ती समोर बसलेल्यांवर फेंकली जाते.

या खोडीचा इतिहासही जुना आहे. कवि मिल्टन १६५२ च्या सुमारास पूर्ण आंधळा झाला, तेव्हां राजपक्षीयांनीं त्याच्या अंधत्वाची टवाळी केली आणि तें ईश्वरी शासन ठरविलें. मिल्टननें १६५४ सालीं लॅटिन भाषेंत त्याला उत्तर दिलें. पूर्वकाळच्या थोर अंधांचे दाखले त्यानें दिले, आणि ज्याबद्दल ही शिक्षा व्हावी असें आपल्या हातून घडलेलें कोणतेंही दुष्कृत्य आपल्याला आठवत नाहीं, अशी देवाला स्मरून ग्वाही दिली. ज्या मनुष्यानें पुढें ‘पॅरडाइज लॉस्ट’ रचलें, त्याला आपल्या डोळ्यांची अशी कैफियत द्यावी लागली, यापरतें त्या उपमेचें वाभाडें आणखी कोणीं काढावयाचें?

पण इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाहीं. पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगाव लागतें. तेथें पंडिता रमाबाईंनीं गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस मुक्ति-सदन उभारलें. दुष्काळानें उघड्यावर पडलेल्या बायकामुलींत आंधळ्याही होत्या. देवी आणि अन्नान्नदशा हीं त्या काळीं डोळे जाण्याचीं मोठीं कारणें होतीं. त्यांत ना त्यांचें पाप होतें, ना आईबापांचें. या आंधळ्या स्त्रियांच्या निवासाला बाईंनीं बार्तीमयाचें नांव दिलें. नांव ठेवून त्या थांबल्या नाहींत. त्यांची कन्या मनोरमाबाई अमेरिकेंत ब्रेल लिपि शिकून आली होती. तिनें या स्त्रियांना सहा टिंबांची ती लिपि शिकविली. त्या बोटांनीं वाचूं लागल्या, टोपल्या विणूं लागल्या, आपल्या श्रमाची भाकरी खाऊं लागल्या. केडगावच्या बार्तीमयांना डोळे परत मिळाले नाहींत. पण तुला काय पाहिजे, हा प्रश्न त्यांना विचारला गेला, आणि त्याचें उत्तर मनुष्याच्या हातीं जेवढें देतां येतें तेवढें दिलें गेलें. शुभवर्तमानाचें याहून शुद्ध भाष्य आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं आणि धर्मप्रसाराविषयीं महाराष्ट्रांत जो वाद माजला, तो आम्हांस ठाऊक आहे. तो ज्याला आज पुन्हा मांडावयाचा असेल त्यानें खुशाल मांडावा. परंतु आपल्या देशांत अंधांसाठीं शाळा काढण्यांत मिशनऱ्यांनीं पुढाकार घेतला, हें नाकारतां येणार नाहीं. अमृतसरची शाळा १८८७ ची आणि मुंबईची, जी पुढें दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली, ती १९०० सालची. आम्ही तोंवर अंध विद्वानांना ‘प्रज्ञाचक्षु’ म्हणून नमस्कार करीत होतों! हा शब्द सुंदर आहे. पण प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराजांनाही ग्रंथ दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागत. पदवी दिली म्हणजे पोथी द्यावयास नको, असें मानणें हीही त्या घोळाचीच एक सभ्य तऱ्हा आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेनें. पण त्यांना ऐकूं कमी येई, म्हणून तो बेत सोडावा लागला. त्यांच्या कानांवरून त्यांच्या आत्म्याची परीक्षा करावयाला कोणी धजेल काय? मग डोळ्यांनींच असा कोणता अपराध केला आहे?

या घोळाचें दुसरें टोंक त्याहून भयंकर आहे. एक पक्ष अंतर्दृष्टीपुढें डोळ्यांना तुच्छ लेखतो, तर दुसरा विश्वास पुरेसा असेल तर डोळे येतीलच अशी हमी देतो. आमच्या पनवेलींत रायगड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून वृद्ध माणसें डोळे दाखवावयास येतात. मोतिबिंदू असेल तर गढुळलेलें भिंग काढून नवें बसवितां येतें आणि उशीर झाला तरी बहुधा निभावतें. पण काचबिंदूची गोष्ट निराळी. त्यांत दृष्टीची नसच झिजत जाते. गेलेली दृष्टि कोणत्याही शस्त्रक्रियेनें परत येत नाहीं, उरलेली तेवढी राखतां येते. अशा रोग्याला प्रार्थनासभेंत महिनोन् महिने बसविणारा मनुष्य, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या शिल्लक प्रकाशाची चोरी करीत असतो. आणि डोळे आले नाहींत म्हणजे दोष कोणाचा? तुझा विश्वास कमी पडला! शिष्यांचा तो जुना प्रश्न पुन्हा मागल्या दारानें घरांत शिरला. ज्यानें चिखलाच्या लेपाचा आणि तळ्याच्या पाण्याचा अव्हेर केला नाहीं, त्याच्या नांवानें औषधाचा अव्हेर व्हावा, हें विपरीत नव्हे काय?

आत्म्याला दृष्टि असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. तिची खूण कोणती, एवढाच आमचा प्रश्न आहे. थोमाला जखमेवर बोट ठेवून खात्री करून घ्यावयाची होती, म्हणून त्याला शतकानुशतकें नांवें ठेवण्यांत आलीं. केडगावच्या स्त्रियांचें तर सारें वाचनच बोटांवर चाललें. ज्याचे अंतरींचे डोळे उघडले असतील त्याला शेजारच्या मनुष्याचे डोळे दिसूं लागतात: त्यांतील मोतिबिंदू दिसतो, त्याच्या हातीं नसलेलें पुस्तक दिसतें, त्याची रोजगाराची अडचण दिसते. ज्याला यांतलें कांहींच दिसत नाहीं आणि आंधळ्याकडे पाहून फक्त एक उपमा सुचते, त्याच्या बाबतींत मात्र शुभवर्तमानांतील तें दूषण अगदीं यथार्थ आहे.