ऑल्नीचा पाद्री आणि चाळीस वर्षं

मागच्या वर्षी चार महिने ऑनसाइट होतो, मिल्टन कीन्सला. हे शहर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सरळसोट रस्ते, गोल चौक, ऑफिसं आणि मॉल. शनिवारी करायचं काय? म्हणून एकदा बस पकडली आणि जवळच्या ऑल्नीला गेलो. उझ नदीकाठचं टुमदार गाव. मध्ये बाजारचौक, दोन्ही बाजूंना दगडी घरं, आणि लांबूनच दिसणारा सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चचा चौदाव्या शतकातला उंच सुळका. लेंटचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी इथल्या बायका हातात तवा आणि तव्यात पॅनकेक घेऊन चौकातून चर्चकडे धावतात म्हणे. ही प्रथा १४४५ पासूनची, असं गाव सांगतं.

पण मी गेलो होतो जॉन न्यूटनसाठी. 'अमेझिंग ग्रेस' हे गाणं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. ते लिहिणारा न्यूटन १७६४ ते १७८० या काळात ऑल्नीचा पाद्री होता. प्रवचनाला इतकी गर्दी व्हायची की चर्चमध्ये बसायला वरची गॅलरी बांधावी लागली. १७७३ च्या पहिल्या दिवसाच्या प्रवचनासाठी त्याने हे गीत लिहिलं. पुढे ते विल्यम कूपर या कविमित्राबरोबरच्या संग्रहात १७७९ साली छापलं गेलं. (आज आपण ऐकतो ती चाल मात्र १८३५ मध्ये अमेरिकेत जोडलेली.)

त्याची गोष्ट साधारण अशी सांगतात : गुलामांच्या जहाजांवरचा माणूस, १७४८ मध्ये भर समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला, आणि पापाचा धंदा सोडून संत झाला. एकदम फिल्मी. वाल्याचा वाल्मिकी!

फक्त तारखा जुळत नाहीत. वादळानंतर, म्हणजे १७५० ते १७५४ मध्ये, तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. तीन फेऱ्या केल्या. रविवारी खलाशांना जमवून प्रार्थना घ्यायचा आणि खाली तळात साखळदंडातली माणसं. धंदा सुटला तोही आजारपणामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते १७८८ मध्ये. वादळानंतर बरोब्बर चाळीस वर्षांनी. स्वतःच्या उशिराची लाज त्याने त्यात कबूल केली आणि मग संसदेच्या चौकशीपुढे साक्षही दिली. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटनने हा व्यापार बंद करणारा कायदा केला, डिसेंबरमध्ये न्यूटन गेला.

माझं मत विचाराल तर ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. वादळवाली गोष्ट ऐकून आपण सुटतो. आपल्यावर वादळ आलेलं नाही ना, मग आपलं चालू द्या! चाळीस वर्षांची गोष्ट मात्र अंगावर येते. माणूस श्रद्धाळू असतो, प्रामाणिक असतो, सुंदर गाणी लिहितो, आणि तरीही समोरचं त्याला दिसत नाही. किंवा दिसतं, पण बोलवत नाही.

चौकातच सटक्लिफ बॅप्टिस्ट चर्च आहे. विल्यम कॅरी नावाचा चपला-बूट शिवणारा तरुण १७८५ मध्ये त्या मंडळीत आला. त्याचं पहिलं प्रवचन लोकांना फारसं पटलं नाही, वर्षभर थांबायला लावलं. हाच कॅरी पुढे बंगालात गेला, आणि १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण व १८१० मध्ये कोश छापला, पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने. निघण्यापूर्वी १७९२ च्या पुस्तिकेत त्याने लिहिलंय की वेस्ट इंडीजची साखर अन्यायाने मिळवलेली आहे म्हणून बरेच लोक ती सोडतायत. म्हणजे कायदा व्हायच्या पंधरा वर्षं आधी साधी माणसं चहातली साखर सोडत होती.

चहावरून आठवलं. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असायचा. खिडकीत उपडा ठेवलेला. आजीपासूनची पद्धत. सहावी-सातवीत असताना मला ते खटकलं होतं, पक्कं आठवतंय. बोललो कधी? सव्विसाव्या वर्षी. मधल्या काळात इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, समतेवर मित्रांशी तावातावाने वाद घालून झाले. आई काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच कपात चहा दिला. मावशीच म्हणाल्या, "राहू दे रे, मला त्याचीच सवय झालीये."

त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

न्यूटनची कबर चर्चच्या आवारात आहे. १८९३ मध्ये त्याला लंडनहून इथे आणून पुन्हा पुरलं. मृत्युलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता आणि त्यात आपलं जुनं आयुष्य लपवलेलं नाही. तिथे जरा वेळ उभा राहिलो. मग बस आली.

असो. तुमच्या घराच्या खिडकीत काय उपडं ठेवलंय, ते या वीकेंडला एकदा बघाच.