बारामतीची स्पोर्ट बाइक, युरोपचा नियम आणि ४० टक्के जीएसटी: ४५७ सीसीचं गणित काय?

नाशिकमध्ये कोणी स्पोर्ट बाइक घ्यायची म्हटलं, की मित्रांचा पहिला प्रश्न असतो, 'सीसी किती?' २२ सप्टेंबर २०२५ पासून हा प्रश्न थेट खिशाचा झाला आहे. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यापुढच्या बाइकवर मात्र आधी उपकरासह ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. म्हणजे करापूर्वीची किंमत ३ लाख असेल, तर कर ९३ हजारांवरून १ लाख २० हजारांवर जातो.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे एप्रिलिया आरएस ४५७. नाव इटालियन, पण बाइक तयार होते बारामतीत, पियाजिओच्या कारखान्यात.

४५७ सीसीच का?

युरोपात १८ वर्षांपासून मिळणाऱ्या 'ए२' परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच बाइक चालवता येते. शिवाय वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. आरएस ४५७ ची ताकद ३५ किलोवॅट, म्हणजे ४७.६ पीएस आणि इंधनासह वजन १७५ किलो. भागाकार करून पाहा, उत्तर बरोबर ०.२ येतं.

ही मर्यादा ताकदीवर आहे, सीसीवर नाही. इंजिन थोडं मोठं ठेवलं, की कमी आरपीएमलाही ओढ चांगली मिळते. त्यात दोन सिलिंडर आणि २७० अंशांची क्रँक आहे. त्यामुळे दोन्ही सिलिंडरमधलं ज्वलन समान अंतराने होत नाही आणि आवाज व्ही-ट्विनसारखा येतो. वजन आटोक्यात ठेवायला फ्रेम ॲल्युमिनियमची आहे.

मग अडचण कुठे आहे?

युरोपात फायद्याचे ठरलेले हेच सीसी भारतात महाग पडतात. पुणे-नाशिक महामार्गावरच्या चाकणमध्ये तयार होणारी ३९९ सीसीची केटीएम ३९० ड्यूकही याच ४० टक्क्यांत येते.

दुसरीकडे, आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा परवाना एकच आहे. १८ वर्षांचा मुलगा त्यावर १०० सीसीची बाइक चालवू शकतो आणि १००० सीसीचीही. युरोपचा नियम नवख्या चालकाच्या हाती किती ताकद द्यायची हे ठरवतो. आपला कर फक्त ती बाइक कोणाला परवडेल हे ठरवतो.