पेटी, प्रहेलिका आणि पूर्वग्रह

'डॉक्टरसाहेब, हा दिवसभर गेम खेळतो, तुम्हीच काहीतरी सांगा याला,' ही तक्रार बिदरपासून आळंदपर्यंतच्या प्रत्येक दवाखान्यात आता नित्याची झाली आहे. आपले उत्तरही बहुधा ठरलेले असते. 'बंद करा ते सगळे!' वास्तविक 'ताप' हे जसे निदान नव्हे, तसे 'गेम' हेही निदान नव्हे. तापाच्या रुग्णाला आपण मलेरिया, विषमज्वर की डेंग्यू हे पाहिल्याशिवाय औषध देत नाही. मग खेळाच्या बाबतीत एवढी घाई का? कोणता खेळ, कशासाठी आणि किती वेळ, हे तीन प्रश्न विचारल्याविना दिलेला सल्ला वैद्यकशास्त्राला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ एका खेळाचे उदाहरण घेतो.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००४ साली 'डीएस' नावाचे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आणले. वहीसारखे मिटणारे, दोन पडद्यांचे, खालच्या पडद्यावर लेखणीने लिहिता येईल असे. त्यावर २००७ साली 'लेव्हल फाइव्ह' या संस्थेने 'प्रोफेसर लेटन' ही कोड्यांची मालिका सुरू केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमध्ये तिचा दुसरा भाग आला. २००९ साली तो इंग्रजीत आला, तेव्हा युरोपात त्याचे नाव 'पँडोराज बॉक्स' आणि अमेरिकेत 'डायबॉलिकल बॉक्स' असे होते. यातील कोड्यांमागे अकिरा तागो हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६६ पासून त्यांची कोड्यांची पुस्तके जपानमध्ये घरोघरी वाचली जात. २०१६ साली ते निवर्तले.

या खेळात गोळीबार नाही, शर्यत नाही, पैजही नाही. एक कथा आहे आणि तिच्या वळणावळणावर दीडशेहून अधिक कोडी आहेत. कोडे सुटले की कथा पुढे सरकते. अडलात तर वाटेत जमवलेली नाणी खर्चून सूचना घेता येते. चुकीचे उत्तर दिले की गुण कमी होतात, म्हणून अंदाजाने उत्तर ठोकून देणाऱ्याचे नुकसान होते. मध्येच एका लठ्ठ उंदराला व्यायाम करवून त्याचे वजन उतरवायचे असते. मधुमेहाच्या रुग्णांना रोज हेच सांगून थकलेल्या डॉक्टरांना तेथे हसू आल्यावाचून राहणार नाही!

कथेची ही रीत आपल्याला नवी नाही. 'वेताळपंचविशी'त काय आहे? खांद्यावर प्रेत, तोंडी गोष्ट आणि गोष्टीच्या शेवटी प्रश्न. आपल्या या दोन जिल्ह्यांचा तर या विद्येवर विशेष हक्क आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. तेथील सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यातील कितीतरी उदाहरणे छोट्या गोष्टीच आहेत. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ज्ञानकोश लिहिला. त्यात राजाच्या क्रीडांमध्ये बुद्धिबळाच्या पूर्वज चतुरंगाबरोबर 'प्रहेलिका' म्हणजे कोड्यांचा खेळही आवर्जून नोंदवला आहे. ज्या भूमीत राजाने कोड्याला क्रीडेचा मान दिला, तेथील डॉक्टरांनी कोड्याच्या खेळाला सरसकट व्यसन म्हणावे, हे काही शोभणारे नाही.

आता या दुसऱ्या भागाच्या कथेकडे वळू. ज्यांना तो खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, कारण येथे रहस्य फुटणार आहे. एक पेटी अशी आहे की तिला उघडणारा मरतो, अशी वदंता. लेटनचे गुरू डॉक्टर श्रेडर ती मिळवतात आणि निष्प्राण अवस्थेत सापडतात. पेटी नाहीशी झालेली असते. हाती उरते गंतव्य स्थान न छापलेले आगगाडीचे तिकीट. त्या मागावर लेटन आणि त्याचा बालशिष्य ल्यूक एका गजबजलेल्या नगरात पोचतात. तेथील वाड्यात रक्तपिपासू पिशाच्च राहते असे लोक सांगतात. अखेरीस कळते की नगर कधीच ओस पडले आहे. खाणीतून निघणाऱ्या वायूमुळे येणाऱ्याला भास होतात, आणि भासही कोणते? जे पाहण्याची त्याच्या मनाची आधीच तयारी झालेली असते तेच. लेटनने जुने छायाचित्र पाहिलेले असते, म्हणून त्याला जुनेच वैभव दिसते. पेटीचा शापही याच जातीचा असतो, आणि गुरुजी प्रत्यक्षात मेलेले नसतात.

असा वायू विषशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, हे खरे. परंतु त्यामागचे तत्त्व मात्र आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. अपायाच्या नुसत्या अपेक्षेने होणाऱ्या अपायाला १९६१ साली वॉल्टर केनेडी यांनी 'नोसिबो' हे नाव दिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'सॅमसन' या ब्रिटिश चाचणीत स्टॅटिन सोसत नाही म्हणून ते सोडलेले ६० रुग्ण घेतले होते. खऱ्या गोळीने त्यांना जो त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास बनावट गोळीनेही झाला! आपल्या भागात बिनविषारी साप चावलेला शेतकरी छाती धडधडत, घामाघूम होऊन, हातपाय गार पडून येतो, तेव्हा त्याच्यापुढे तीच पेटी उघडलेली असते.

आणि ही पेटी केवळ रुग्णापुढे असते असे नाही. जुना कागद आधी वाचून रुग्णाला तपासणारा डॉक्टर लेटनसारखाच छायाचित्र पाहून नगरात शिरतो. 'नेहमीचे पित्त' असे लिहिलेले वाचले की छातीतली कळही पित्ताचीच वाटू लागते. दुसऱ्या भागाची खरी गोम येथेच आहे. पहिला भाग खेळलेल्याला या जगाची रीत ठाऊक झालेली असते, आणि त्या आत्मविश्वासालाच ही कथा चकवते. दुसऱ्यांदा आलेल्या रुग्णाच्या बाबतीत अधिक सावध राहावे, हा धडा व्याख्यानात ऐकणे निराळे आणि स्वतः फसून शिकणे निराळे. खेळात फसल्याने कोणाचा जीव जात नाही, हा त्याचा मोठाच गुण.

याचा अर्थ असे खेळ म्हणजे मेंदूचे टॉनिक, असे मुळीच नव्हे. २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात ११,४३० जणांवरील सहा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या संगणकीय व्यायामाने माणसे त्या त्या व्यायामात तरबेज झाली, परंतु इतर बौद्धिक कामांत तो लाभ उतरला नाही. तेव्हा 'गेम खेळून मुलगा हुशार होईल' असे सांगणे हीसुद्धा भोंदूगिरीच. व्यसनही खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. मात्र त्याचे निकष ताब्याबाहेर जाणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य आणि हानी दिसूनही न थांबणे हे आहेत, आणि हे सामान्यतः १२ महिने टिकावे लागते. परीक्षेआधीच्या दोन रविवारांना ते नाव देता येत नाही. पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, तो योग्यच. परंतु तो जुगार आणि कोडे एकाच पारड्यात टाकणे हे चुकीचे निदान ठरेल.

माझी खरी चिंता वेगळीच आहे. कोडे भाषेत जगते. शब्दाचा दुहेरी अर्थ, वाक्यातली खोच हेच त्याचे प्राण. आपल्या सीमाभागातील मराठी घरांतली मुले शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात. ते त्यांनी उत्तम शिकावे. पण आजीचे उखाणे आणि कोडी ज्या मराठीत होती, ती मराठी घरातूनही निघून चालली आहे. जपानी मुलाला त्याच्या भाषेत कोडे मिळाले, युरोपातील मुलाला त्याच्या भाषेत. आपल्या मुलांच्या वाट्याला ते इंग्रजीतच येते. हा दोष यंत्राचा नाही. त्यात भरायला आपण काही दिले नाही, हा आपला आहे.

म्हणून दोन सूचना करतो. तक्रार घेऊन आलेल्या पालकाला 'बंद करा' म्हणण्याआधी वरील तीन प्रश्न विचारावेत आणि 'एकदा त्याच्याजवळ बसून पाहा' असेही सांगावे. कोडे दोघांनी सोडवायचे असते. आणि आपल्या स्नेहसंमेलनात मुलांसाठी तासभर मराठी कोड्यांचा कार्यक्रम असावा, ज्यात घरातील वडीलधारी मंडळी कोडी घालतील.

सुरुवात मळखेडच्या परंपरेने करू. तीन व्यापाऱ्यांना वाटेत पैशांची थैली दिसते. पहिला म्हणतो, 'ही मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या मिळून दुप्पट धन माझ्याजवळ होईल.' दुसरा म्हणतो, 'मला मिळाली तर तिप्पट.' तिसरा म्हणतो, 'मला मिळाली तर पाचपट.' थैलीत किती आणि प्रत्येकाजवळ किती? सर्वांत लहान पूर्णांकी उत्तर असे की थैलीत १५, आणि त्यांच्याजवळ अनुक्रमे १, ३ व ५. वाचकांनी ताळा करून पाहावा, आणि घरी मुलांना घालताना उत्तर मात्र झाकून ठेवावे.